नाव काय लावता?

खराडेंनी एकदा पोलीस ठाण्यात फोन लावून कोठडीतल्या पाकीटमाराला फोनवर बोलवायला सांगितलं होतं. हवालदाराला वाटलं वकील असतील, म्हणून त्यानं खरोखरच बोलावलं. खराडे म्हणाले, "नमस्कार. उद्या तुमची बातमी येतेय. नाव काय लावता?"

मग तो म्हणाला, "साहेब, बातमी येऊच नये असं काय करता येईल का?"

"ते माझ्या हातात नाही. नाव बरोबर येणं माझ्या हातात आहे."

त्यानं नाव सांगितलं आणि म्हणाला, वडिलांचं घालू नका, म्हातारे आहेत. खराडेंनी घातलं नाही. सुटल्यावर तो माणूस चक्क पेढे घेऊन ऑफिसात आला. पेढे आम्ही सगळ्यांनी खाल्ले आणि तो जाईपर्यंत एकेका हातानं आपापली पर्स दाबून बसलो.

तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका बाजूला मसाल्याची गिरणी आणि दुसऱ्या बाजूला जुन्या टायरांचं दुकान, यांच्या मधल्या गाळ्यातून आमचं आठ पानी दैनिक निघतं. मी तिथं पानं लावते, म्हणजे बातम्या आणि फोटो कॉम्प्युटरवर चौकटीत बसवते. खराडे शहर पानाचे उपसंपादक. चंद्रकांत खराडे, मूळ कोरेगावचे, वय साठीच्या पुढे, शर्टाच्या खिशात कायम तीन पेनं आणि त्यातलं एकही चालणारं नाही. बातमीत ज्याचं नाव येणार त्याला छापण्याआधी फोन करून विचारायचं, हे त्यांचं व्रत. वार्ताहरानं कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी यांचा ठरलेला प्रश्न: "त्याला विचारलं का?"

यात अपवाद नाही. क्रिकेटच्या स्पर्धेत दहा वर्षांखालच्या संघाला बक्षीस मिळालं तेव्हा त्यांनी अकराही पोरांना फोन केले. एकाची आई म्हणाली, तो शी करतोय. खराडे म्हणाले, होऊ द्या, मी थांबतो. सोसायटीत कुत्रा चावल्याची बातमी होती तेव्हा चावलेल्या माणसाला विचारून झाल्यावर ते कुत्र्याच्या मालकालाही म्हणाले, "आणि त्याला काय म्हणता आपण?" दुसऱ्या दिवशी आमच्या पेपरात 'ब्रूनो चावला' असं आलं. या सगळ्यामुळे पान नेहमी उशिरा सुटायचं आणि छापखान्याच्या शिव्या मला खाव्या लागायच्या. मला या माणसाचा मनापासून वैताग यायचा, हे आधीच सांगून टाकते.

तर कळंबोलीची गोष्ट.

लोखंड बाजाराजवळच्या ट्रकच्या अड्ड्यावर भर दुपारी एका ट्रकच्या केबिनला आग लागली. आत दोन ड्रायव्हर जेवून झोपलेले. शेजारी चहाची टपरी चालवणाऱ्या बाईंनी ओल्या गोणपाटानं दार धरून उघडलं आणि दोघांना ओढून बाहेर काढलं. एकाचं वजन शंभर किलोच्या वर होतं. आमचा वार्ताहर प्रशांत धावतपळत बातमी घेऊन आला. तिचा मथळा होता: 'तृतीयपंथीयाने वाचवले दोघांचे प्राण'. खाली पहिलंच वाक्य: 'सुलभा असे नाव सांगणाऱ्या, साडी नेसलेल्या एका तृतीयपंथीयाने', आणि पुढे 'मूळ नाव' म्हणून आधार कार्डावरचं जुनं नाव, गाव, वडिलांचं नाव, ऑपरेशन झालंय की नाही याची चर्चा. आग सहाव्या परिच्छेदात लागत होती.

ते जुनं नाव मी इथे लिहिणार नाही. सुलभा हेही तिचं खरं नाव नाही. हा लेख लिहायच्या आधी मी तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली की लेखापुरतं सुलभा लाव, शाळेत त्या नावाच्या एक बाई होत्या, कधी मारायच्या नाहीत. धंदा आणि जागाही तिच्या सांगण्यावरून जराशा इकडच्या तिकडे केल्या आहेत. खराडेंनाही विचारलं. ते म्हणाले, माझं काय, खरंच घाला.

खराडेंनी बातमी वाचली, चष्मा वर केला. "विचारलं का?"

"सर, पोलिसांच्या कागदावर आहे. आधारवर आहे. फॅक्ट आहे," प्रशांत म्हणाला.

"कागदाला नाही. तिला."

त्यांनी फोन लावला, स्पीकरवर. "नमस्कार, मी खराडे. उद्या तुमची बातमी आहे. नाव काय लावता?"

"सुलभा."

"पुढं?"

"पुढं कायबी नाय. नुसतं सुलभा."

"आमच्या कागदावर एक दुसरं नाव आलंय."

मागे ट्रकचे भोंगे वाजत होते. मग ती एकदम भरभर बोलायला लागली. "ते नका वो छापू, साहेब. तुमच्या पाया पडते. खांदेश्वरला रूम घेतलीय, तीन म्हैनं झालं. सातवी रूम हाय ही माझी. मालकिणीला कायबी म्हाईत नाय. उद्या पेपरात आलं की परवा मी सामान घेऊन रस्त्यावर."

"बरं. मग तुम्हाला काय म्हणून लिहू?"

"चहावाली ल्हिवा की! दिसभर च्याच तर करते."

"'तृतीयपंथी' असं लिहिलेलं..."

"त्या दोघास्नी वढून काढलं तवा त्यांनी काय इचारलं नाय मला."

"फोटो?"

"फोटो टाका. फोटोत चांगली दिसते मी."

फोन ठेवून खराडे म्हणाले, "झालं. चहाची टपरी चालवणाऱ्या सुलभा यांनी दोघांचे प्राण वाचवले. बसवा, साळवीबाई." साळवीबाई म्हणजे मी.

पण प्रशांत ऐकेना. त्याचं म्हणणं, यातला ह्यूमन अँगल गेला. संपादक केबिनमधून बाहेर आले. ते मुळात भले गृहस्थ, पण प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात असं त्यांचं ठाम मत. म्हणाले, "खराडे, वाचकाला सत्य कळायला नको का? मूळ नाव हे मूळ नाव आहे."

"तुमच्या मिसेसचं माहेरचं नाव काय हो?" खराडेंनी विचारलं.

"मंगल. का?"

"आणि आता?"

"ऋतुजा. लग्नात बदललं. सगळेच बदलतात."

"ताटातल्या तांदळात अंगठीनं नाव लिहिलं, झालं. डॉक्टरचा कागद नको, काही नको. गेल्या महिन्यात त्यांना रांगोळीचं बक्षीस मिळालं, तेव्हा आपण 'ऋतुजा असे नाव सांगणाऱ्या, मूळ नाव मंगल' असं छापलं का?"

"अहो, ते वेगळं."

"कसं वेगळं?"

संपादक चिडले. "ते काही नाही. प्रशांतची बातमी जाईल. तुम्हाला काही म्हणायचं असेल तर लेखी द्या." आणि ते चहा प्यायला गेले.

लेखी द्या, हे खराडेंना सांगायचं नसतं. दुपारी साडेतीनला ते फोन घेऊन बसले ते साडेसहापर्यंत. शहर पानावरच्या झाडून साऱ्या बातम्या त्यांनी प्रशांतच्या पद्धतीनं नव्यानं लिहून काढल्या आणि मला म्हणाले, "साळवीबाई, याचं एक पान लावून द्या. संपादकांना दाखवतो, मग लगेच फेकून देऊ." मी लावलं. लावता लावता मला इतकं हसू आलं की टायरवाला डोकावून गेला.

पहिली बातमी बागेतल्या व्यायामाच्या साहित्याच्या उद्घाटनाची. 'दिलीपशेठ असे नाव सांगणाऱ्या व जन्माच्या वेळी पुरुष असल्याचे समजते अशा एका नगरसेवकाने काल फीत कापली. ते पांढरा सदरा व विजार अशा पुरुषी वेशात आले होते. त्यांचे मूळ नाव गुंड्या असल्याचे त्यांच्या आत्यांनी दूरध्वनीवर सांगितले. शस्त्रक्रियेबाबत छेडले असता, मूळव्याधीची एक झाल्याचे त्यांनी मान्य केले.' हे सगळं फोन करून विचारलेलं होतं. दिलीपशेठना वाटलं, आरोग्यावर लेख आहे.

दुसरी, आदर्श माता पुरस्काराची. 'स्वतःला आई म्हणवणाऱ्या' अशी सुरुवात. तिसऱ्या बातमीत लोखंड व्यापाऱ्यांचे अध्यक्ष 'दाढी केलेल्या अवस्थेत आढळून आले' आणि 'आपण लहानपणापासूनच पुरुष असल्याची भावना मनात होती, असे त्यांनी धीटपणे सांगितले'. आगीच्या बातमीखालीही प्रशांतचं नाव 'प्रशांत असे नाव लावणारा वार्ताहर, पाळण्यातले नाव धोंडिबा' असं होतं. फक्त एकच बातमी साधी सरळ होती. 'कळंबोलीत चहाची टपरी चालवणाऱ्या सुलभा यांनी जळत्या ट्रकमधून दोघांचे प्राण वाचवले.' सोबत फोटो. खरंच चांगली दिसत होती.

आता चूक कुणाची, ते नीट सांगते. आमच्याकडे रिवाज असा की खराडेंनी नजरेखालून घातलेल्या पानाच्या फाइलला मी 'खराडे' नाव देते, आणि छापखान्यातला माणूस शेजारी दुसरी कितीही पानं पडलेली असोत, 'खराडे' नावाचंच उचलतो. वर्षानुवर्षं असंच चाललंय. त्या दिवशी संपादकांनी मंजूर केलेलं पान मी 'शहर' नावानं ठेवलं. आणि फेकून द्यायचं पान, खराडेंचं म्हणून, 'खराडे' नावानं. खराडे संपादकांना दाखवायला गेले तर ते घरी निघून गेलेले. साडेआठ वाजले, छापखान्यानं पान उचललं. मी नेरूळला घरी जाऊन भाजी चिरत होते.

सकाळी सव्वासहाला मालकांचा फोन आला. मालक मला कधी फोन करत नाहीत. म्हणाले, "साळवी, आपला पेपर वाचलास का?" मी म्हटलं, नाही. म्हणाले, "वाचू नकोस. ऑफिसला ये."

दहाच्या सुमाराला दिलीपशेठ तीस माणसं घेऊन आले. मसाल्याच्या गिरणीतून मिरचीचा खकाणा उडत होता, त्यामुळे मोर्चातली निम्मी माणसं घोषणा द्यायच्या ऐवजी शिंकत होती. दिलीपशेठनी पेपर खराडेंच्या टेबलावर आपटला. "हे काय हाय? जन्माच्या वेळी पुरुष असल्याचं समजतं? समजतं म्हणजे काय?"

"चूक आहे का?" खराडेंनी विचारलं.

"चूक नाय, पण छापायचं कशाला? उद्घाटन होतं माझं!"

"बरोबर आहे तुमचं. खुलासा छापू. काय छापू?"

"छापा, की दिलीपशेठ पुरुषच हायेत."

खराडेंनी कागद ओढला. "कागद आहे का?"

"कसला कागद?"

"डॉक्टरचा. या ऑफिसात काल एका बाईंचं ऑपरेशन झालंय का ते छापायचं चाललं होतं. सगळ्यांना नियम एकच."

दिलीपशेठ आजूबाजूला बघायला लागले. तीस माणसं त्यांच्याकडे बघत होती. मग ते खुर्चीत बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "खराडेसाहेब, सकाळपासून लोकं माझ्या विजारीकडं बघतायत. पोरगी कॉलेजला गेली नाय. नाव गुंड्या हाय ते बायकोला पण म्हाईत नव्हतं. आपलं आपल्यापाशी असतं ना काय तरी."

"असतं," खराडे म्हणाले. त्यांनी त्यांच्यासाठी चहा मागवला. खराडे माफी मागताना मी पहिल्यांदा बघितले. ती मात्र त्यांनी अगदी मनापासून मागितली.

खुलासा दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर आला. 'नगरसेवक दिलीपशेठ हे जन्मापासून आजतागायत पुरुषच आहेत.' तो वाचून, ज्यांनी मूळ बातमी वाचली नव्हती त्यांनाही शंका आली. दिलीपशेठना इतके फोन आले की त्यांनी पुन्हा येऊन हात जोडले, "आता काय पण छापू नका."

मालकांनी खराडेंना शिक्षा म्हणून राशिभविष्यावर बसवलं. तिसऱ्या दिवशी ज्योतिषी रडकुंडीला आला. खराडे त्याला विचारत होते, "कर्क राशीच्या लोकांना दगदग होईल म्हणता, त्यांना विचारलं का?" आठवड्यात त्यांना परत शहर पानावर आणलं. संपादकांनी मधल्या दिवसांत काय विचार केला कोण जाणे. त्यांनी स्वतःच्या हातानं एक कागद लिहून भिंतीला चिकटवला: 'विचारा. सांगतील तसं लिहा. आगीच्या बातमीत आग लिहा.' खालची सही त्यांचीच होती. प्रशांतनं तो वाचला आणि म्हणाला, "सर, धोंडिबा तेवढं ऑफिसात कुणी म्हणायला नको."

या सगळ्या गोंधळात सुलभाच्या बातमीकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. म्हणजे गेलं, पण जसं जायला हवं तसंच गेलं. एक चहावाली, तिनं दोन माणसं वाचवली. बस.

लक्ष गेलं ते तिच्या घरमालकिणीचं. त्या बाईंनी पेपर अख्ख्या बिल्डिंगला दाखवला. आणि मग सुलभाला विचारायला लागल्या, एवढं नाव झालं तुझं, तुझ्या घरचं कुणी कौतुकाला कसं नाही आलं? कुणी आहे का नाही? भाडेकरू एकटी बाई, गावाकडून कधी कुणी नाही, फोन नाही. त्यांच्या मनात काहीतरी घोळायला लागलं, आणि सुलभाला पुन्हा सामान बांधायचे दिवस दिसायला लागले. तिनं खराडेंना फोन केला.

"साहेब, एकदा येता का घरी? मालकिणीला सांगितलंय, भाऊ हाय म्हणून."

"किती भाऊ सांगितलेत?"

"एकच."

"बरं," खराडे म्हणाले. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "साळवीबाई, तुम्ही याल का बरोबर? मला कुणाच्या घरी जायची सवय राहिलेली नाही."

रविवारी सकाळी माझ्या स्कूटरवर आम्ही खांदेश्वरला गेलो. खराडेंनी मागे बसून नारळ, केळी आणि एक किलो साखर छातीशी धरली होती. खोली एकच, पण लखलखीत. सुलभानं पोहे केले होते. मालकीण वरच्या मजल्यावरून यायची होती, तेवढ्यात सुलभा हळूच म्हणाली, "तिच्यासमोर मी तुमाला काय म्हणू? खराडेसाहेब म्हटलं तर भाऊ कसं वाटंल? घरी काय म्हणत्यात तुमाला?"

हजारो लोकांना फोन करून नाव विचारणारा हा माणूस. त्याला हे कुणी विचारलेलं नसावं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"घरी कोणी नाही," ते म्हणाले.

"पयलं काय म्हणायचे?"

"आई चंदू म्हणायची. तिला जाऊनही खूप वर्षं झाली."

"मग चंदूदादा."

"लावा," खराडे म्हणाले. "तेच लावा."

मालकीण आल्या. जाडजूड, कपाळाला मोठं कुंकू, मूळच्या तिथल्याच गावठाणातल्या. येताच त्यांनी कमरेवर हात ठेवले. "तुमी हिचा भाव?"

एक शब्द विचारल्याशिवाय छापत नाही, खोटं बोलायचं माहीत नाही, आणि या बाईंच्या हातात सुलभाचं घर. हा गृहस्थ आता काय बोलेल याचा मला काडीचा भरवसा नव्हता.

"हो," खराडे म्हणाले.

"सख्खं?"

खराडेंनी सुलभाकडे पाहिलं. ती दाराची कडी धरून उभी होती. "हो. माझ्यापेक्षा लहान आहे."

"मंग लाज नाय वाटत?" बाई कडाडल्या. "बहीन एकटी ऱ्हाते, उन्हातान्हात च्या विकते, आगीत हात घालते. चार म्हैनं झालं, एक दिवस फिरकला नाय तुमी. भाऊबीज तरी कधी केली का हिच्याकडं?"

"नाही."

"का नाय?"

"चुकलंच माझं," खराडे म्हणाले. "या वर्षी येतो."

बाईंनी पोह्यांची बशी उचलून त्यांच्या हातात दिली, म्हणजे प्रकरण मिटलं. सुलभा पाणी आणायच्या निमित्तानं मोरीकडे गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. मीही खिडकीतून बाहेर बघत बसले, कारण मला भरून आलं होतं आणि ते मला खराडेंना दाखवायचं नव्हतं.

दिवाळीत आमच्याकडे अर्धी माणसं लागतात. दरवर्षी खराडे आपणहून म्हणायचे, तुम्ही सगळे जा घरी, मी बसतो. आम्ही म्हणायचो, बरंय, यांना कामाची हौस आहे. यंदा त्यांनी आठ दिवस आधी रजेचा अर्ज दिला. त्यात कारण लिहिलं होतं: बहिणीकडे जाणे. संपादकांनी सही केली, काही विचारलं नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे साडेदहाला आले, टेबलाशी बसले, फोन पुढे ओढला. कपाळावर कुंकवाचा टिळा होता, वाळून पोपडे धरलेला, त्यात दोन अक्षता अजून चिकटून राहिलेल्या. रात्री झोपताना त्यांनी तो कसा जपला असेल, मला कळेना.

प्रशांत म्हणाला, "सर, कपाळाला काहीतरी लागलंय."

"माहीत आहे," खराडे म्हणाले, आणि एक नंबर फिरवायला लागले.